विश्लेषण : हाताने बनवलेली शुभेच्छापत्रे हजारोंच्या संख्येने कशी तयार झाली? कोण होत्या एस्थर हाउलँड?

तळाशी चकचकीत रंगीत कागद, त्यावर जाळीदार कागदी लेस, लेसवर फुलांचे छापील कात्रण आणि हे कात्रण कागदाच्या घडीवर किंचित उचलून धरलेले. हाताने शुभेच्छापत्रे बनवणारे आजही कार्डाची पार्श्वभूमी अशीच थरावर थर देत रचतात. रबरी ठसे, अ‍ॅक्रिलिक रंग आणि फोम टेप ही साधने नंतरची, रचना मात्र जुनीच आहे. अमेरिकेत या रचनेचा मोठा व्यवसाय उभा करण्याचे श्रेय एस्थर अ‍ॅलन हाउलँड यांना दिले जाते. ‘अमेरिकी व्हॅलेंटाइनची जननी’ हे त्यांचे बिरुद दर फेब्रुवारीत नव्याने चर्चेत येते. पण त्यांनी नेमके काय केले, हाताने बनवलेली वस्तू हजारोंच्या संख्येने कशी तयार केली आणि चांगला चाललेला व्यवसाय का सोडला, हे त्या बिरुदातून कळत नाही.

एस्थर हाउलँड कोण होत्या?

एस्थर यांचा जन्म ऑगस्ट १८२८ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील वूस्टर शहरात झाला. बॉस्टनच्या पश्चिमेला साधारण ६५ किलोमीटरवर असलेले हे शहर तेव्हा वेगाने वाढणारे औद्योगिक केंद्र होते. वडील साउथवर्थ हाउलँड यांचे पुस्तके आणि लेखनसाहित्याचे दुकान होते. आईचे नावही एस्थरच. त्यांनी काटकसरीने घर आणि स्वयंपाकघर कसे चालवावे यावर लिहिलेले पुस्तक १८४४ मध्ये प्रसिद्ध झाले होते. म्हणजे कागद, छपाई, पुस्तकविक्री आणि घरातल्या बाईच्या नावाने बाजारात आलेली वस्तू, हे सगळे एस्थर यांनी लहानपणापासून पाहिलेले होते.

१८४७ मध्ये त्या माउंट होल्योक फीमेल सेमिनरी या संस्थेतून शिक्षण पूर्ण करून घरी परतल्या. मेरी लायन यांनी १८३७ मध्ये सुरू केलेली ही संस्था मुलींना गंभीरपणे उच्च शिक्षण देणाऱ्या अमेरिकेतील सुरुवातीच्या संस्थांपैकी एक. कवयित्री एमिली डिकिन्सन याच संस्थेत होत्या, पण त्या दाखल झाल्या १८४७ च्या शरद ऋतूत. त्यामुळे दोघी वर्गमैत्रिणी होत्या, असे जे अनेकदा लिहिले जाते ते बरोबर नाही.

या संस्थेची एक पद्धत इथे लक्षात घेण्यासारखी आहे. शुल्क कमी राहावे म्हणून संस्थेतील घरकाम विद्यार्थिनीच करत. कामाचे गट पाडलेले असत. एका गटाकडे पाव भाजणे, दुसऱ्याकडे भांडी, तिसऱ्याकडे साफसफाई. प्रत्येकीने रोज ठरलेला वेळ ठरलेले काम करायचे आणि त्यातून मोठ्या वसतिगृहाचा गाडा चालायचा. पुढे एस्थर यांनी कामाची जी विभागणी केली ती इथूनच उचलली, असे म्हणायला पुरावा नाही. पण कामाचे तुकडे करून वाटून घेतल्यास किती उरकते, याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

व्यवसायाची सुरुवात कशी झाली?

शिक्षण संपवून परतल्यावर वडिलांच्या व्यावसायिक परिचितांपैकी एकाकडून त्यांना इंग्लंडमध्ये बनवलेले एक व्हॅलेंटाइन कार्ड मिळाले. नाजूक कागदी लेस, चिकटवलेली रंगीत फुले, मध्ये छोटा मजकूर, असे त्याचे रूप होते. अमेरिकेत तेव्हा अशी कार्डे आयात होत आणि महाग पडत. स्थानिक पातळीवर लोक घरच्या घरी कागद कापून, रंगवून कार्डे करत किंवा साध्या छपाईची कार्डे विकत घेत.

असे कार्ड आपल्यालाही बनवता येईल, असे एस्थर यांना वाटले. वडिलांनी इंग्लंड आणि न्यूयॉर्कहून कागदी लेस, रंगीत कागद आणि फुलांची कात्रणे मागवून दिली. एस्थर यांनी डझनभर नमुने तयार केले. त्यांचे भाऊ वडिलांच्या दुकानासाठी विक्रीच्या फेरीवर निघत असत. त्यांनी हे नमुने सोबत नेले. एस्थर यांची अपेक्षा होती साधारण २०० डॉलरच्या मागणीची. भाऊ परतले ते ५,००० डॉलरहून अधिक मागणी घेऊन, असे त्यांच्या चरित्रांत नोंदले आहे.

खरी अडचण इथे सुरू झाली. एका व्यक्तीने हाताने करायचे काम एवढ्या संख्येने करायचे कसे?

टपालाच्या दरांचा याच्याशी काय संबंध?

एस्थर यांचे कौशल्य मोठे होते, पण वेळही अनुकूल होती. १८४५ पर्यंत अमेरिकेत पत्राचे टपालशुल्क अंतरावर आणि कागदाच्या संख्येवर ठरत असे. एका कागदाचे पत्र ४०० मैलांच्या पलीकडे पाठवायचे तर २५ सेंट पडत, आणि कागद वाढला की शुल्कही वाढे. या हिशोबात चार-पाच थरांचे कार्ड पाठवणे म्हणजे चैनच. त्यामुळे एकच मोठा कागद दुमडून त्यावरच पत्ता लिहिण्याची पद्धत होती. पाकीट वापरले तर तेही वेगळा कागद म्हणून मोजले जाण्याची भीती.

१८४५ च्या सुधारणेने हे गणित बदलले. शुल्क वजनावर आले. अर्ध्या औंसापर्यंतचे पत्र ३०० मैलांच्या आत ५ सेंटमध्ये जाऊ लागले. १८४७ मध्ये अमेरिकेची पहिली टपाल तिकिटे आली आणि १८५१ मध्ये आगाऊ शुल्क भरलेल्या पत्राचा दर बहुतेक ठिकाणांसाठी ३ सेंटवर आला. आता पाकिटात किती कागद आहेत याला महत्त्व उरले नाही, वजन कमी असले की झाले. कागदी लेस दिसायला भरगच्च पण वजनाला हलकी. थर देऊन केलेले कार्ड टपालाने पाठवणे प्रथमच सामान्य माणसाच्या आवाक्यात आले, नेमके त्याच काळात एस्थर यांचे नमुने बाजारात गेले.

एका कार्डात नेमके कोणते थर असत?

कागदी लेस हा मुख्य घटक. ती विणलेली नसे. साच्यात दाबून कागदावर उठावाची नक्षी उमटवली जाई आणि उठून आलेले भाग घासून काढले जात. घासलेल्या जागी बारीक छिद्रे पडत आणि कागद जाळीसारखा दिसे. हे तंत्र इंग्लंडमध्ये विकसित झाले होते. एस्थर यांची बहुतेक लेस तिथूनच येई.

दुसरा घटक म्हणजे चित्रांची कात्रणे. फुले, पक्षी, लहान मुले, देवदूत अशी रंगीत छापलेली छोटी चित्रे कापून घेतली जात. सोनेरी-चंदेरी कागदाच्या पट्ट्या, रेशमी रिबिनी यांचाही वापर होई.

हे साहित्य इतरांकडेही होते. एस्थर यांचे वेगळेपण मांडणीत होते. पांढऱ्या लेसखाली त्यांनी गडद, चकचकीत रंगीत कागदाची छोटी चकती ठेवली. पांढऱ्यावर पांढरी नक्षी हरवून जाते. खाली लाल, निळा किंवा हिरवा रंग आला की जाळीचे प्रत्येक छिद्र उठून दिसते. लेसचे एकावर एक अनेक थर देण्याची पद्धतही त्यांच्या कार्डांची ओळख ठरली. शिवाय कागदाची छोटी पट्टी पंख्यासारखी दुमडून दोन थरांच्या मध्ये चिकटवली जाई. ती स्प्रिंगसारखे काम करी. कार्ड पाकिटात दाबले जाई आणि बाहेर काढल्यावर वरचा थर पुन्हा उचलला जाई. आज कार्ड बनवताना दोन थरांमध्ये फोम टेपचे तुकडे लावतात, त्यामागचे तत्त्व हेच. खोली दिसण्यासाठी सावली हवी आणि सावलीसाठी दोन कागदांमध्ये अंतर हवे.

हातकामाची साखळी कशी चालत असे?

मागणी पूर्ण करण्यासाठी एस्थर यांनी मैत्रिणींना बोलावले. वूस्टरच्या समर स्ट्रीटवरील हाउलँड कुटुंबाच्या घराच्या तिसऱ्या मजल्यावर काम सुरू झाले. नमुना एस्थर स्वतः तयार करत. मग कामाचे टप्पे पाडले जात. एकीने चित्रे कापून नीट लावून ठेवायची. दुसरीने तळाचा कागद आणि पार्श्वभूमी तयार करायची. पुढचीने त्यावर लेस बसवायची, त्यापुढचीने नमुन्याबरहुकूम चित्रे चिकटवायची. कार्ड एका हातातून दुसऱ्या हातात जात पूर्ण होई आणि शेवटी एस्थर ते तपासत.

मोटारींच्या कारखान्यात हेन्री फोर्ड यांनी सरकत्या पट्ट्यावरची जुळणी १९१३ मध्ये सुरू केली. त्यामुळे एस्थर यांनी फोर्ड यांच्या ६० वर्षे आधी असेम्ब्ली लाइन चालवली, असे कौतुकाने लिहिले जाते. यात थोडी दुरुस्ती हवी. कामाची विभागणी ही कल्पना त्याहून जुनी. अ‍ॅडम स्मिथ यांनी १७७६ मध्ये टाचण्यांच्या कारखान्याचे उदाहरण देऊन ती समजावली होती. एस्थर यांच्याकडे सरकता पट्टा नव्हता, यंत्राचा वेगही नव्हता. त्यांचे यश वेगळ्या गोष्टीत होते. सजावटीचे काम म्हणजे एका कलावंताने सुरुवातीपासून शेवटपर्यंत करायचे काम, असा समज असताना त्यांनी त्यातील कल्पनेचा भाग आणि कृतीचा भाग वेगळा केला. कल्पना नमुन्यात बांधली गेली आणि कृती अनेक हातांत वाटली गेली. प्रत्येक कार्ड हातानेच बनलेले असे, पण एकाच हाताने नव्हे.

हे काम घरूनही होत होते का?

हो. घराबाहेर पडणे शक्य नसलेल्या स्त्रियांसाठी एस्थर यांनी वेगळी सोय केली. नमुना आणि त्यासाठी लागणारे मोजून ठेवलेले साहित्य एका खोक्यात भरून गाडीवाल्यामार्फत त्यांच्या घरी पाठवले जाई. साधारण आठवड्याने तयार कार्डे परत नेली जात आणि तपासणी होई. काम हलके आणि मोबदला त्या काळाच्या मानाने चांगला होता, असे नंतरच्या आठवणींमध्ये नमूद आहे.

त्या काळातील मध्यमवर्गीय स्त्रीला कमाईचे मार्ग मोजकेच होते. शिकवणे, शिवणकाम किंवा गिरणीत नोकरी. स्त्रियांच्या हक्कांची पहिली राष्ट्रीय परिषद ऑक्टोबर १८५० मध्ये भरली ती वूस्टरमध्येच. त्याच वर्षी फेब्रुवारीत एस्थर यांच्या व्हॅलेंटाइन कार्डांची जाहिरात शहरातील ‘डेली स्पाय’ या वृत्तपत्रात आली होती. एस्थर या चळवळीत होत्या, असे दाखवणारी नोंद ठळक नाही. पण परिषदेत स्त्रीच्या कमाईवर तिचा हक्क असावा, ही चर्चा होत असताना त्याच गावात एक तरुणी इतर स्त्रियांना रोख मोबदला देत होती.

एस्थर यांनी लग्न केले नाही. प्रेमपत्रांच्या कार्डांवर नाव कमावणारी स्त्री अविवाहित राहिली, यावर पुष्कळ गमतीने लिहिले गेले आहे. त्यामागचे कारण शोधण्यापेक्षा कायदा पाहणे उपयोगाचे. मॅसॅच्युसेट्समध्ये विवाहित स्त्रीला स्वतःची मालमत्ता, कमाई आणि व्यवसाय स्वतःच्या नावे ठेवण्याचा स्पष्ट अधिकार १८५५ च्या कायद्याने मिळाला. एस्थर यांनी व्यवसाय सुरू केला तेव्हा तो नव्हता. त्या वेळी लग्न झाले असते तर व्यवसायातील उत्पन्नावर कायद्याने पतीचा ताबा आला असता.

कार्डावर मजकूर कमी का असे?

एस्थर यांच्या कार्डांच्या दर्शनी भागावर बहुधा मोजकेच शब्द असत. चार ओळींचे पद्य छोट्या कागदावर छापून आत चिकटवलेले असे. यात सोय होती. दर्शनी भाग सर्वांसाठी एकच ठेवता येई आणि आतला मजकूर बदलता येई.

१८७९ मध्ये हीच सोय त्यांच्या कंपनीने पुढे नेली. १३१ पद्यांचे एक पुस्तक काढण्यात आले. ती वेगवेगळ्या आकारांत आणि रंगीत शाईत छापलेली होती. कार्ड आवडले पण आतले शब्द पटले नाहीत, तर ग्राहकाने पुस्तकातून हवे ते पद्य निवडायचे, कापायचे आणि जुन्या मजकुरावर चिकटवायचे. आज ऑनलाइन मागणी नोंदवताना आपण मजकूर निवडतो, त्याचे हे कात्री आणि गोंदाच्या काळातील रूप म्हणता येईल.

‘जननी’ हे बिरुद कितपत खरे?

अमेरिकेत व्हॅलेंटाइन कार्ड बनवणाऱ्या पहिल्या व्यक्ती एस्थर नव्हत्या. हाताने कापलेली, रंगवलेली कार्डे त्यांच्या जन्माआधीपासून दिली-घेतली जात होती आणि छापील कार्डेही मिळत होती. वूस्टर परिसरात त्यांचे स्पर्धकही होते. लेसची अलंकृत कार्डे अमेरिकेतच, मोठ्या संख्येने आणि सातत्याने तयार करून देशभर विकणारा व्यवसाय उभा करणाऱ्यांमध्ये त्या अग्रणी होत्या, एवढे मात्र निश्चित.

त्यांची कार्डे ओळखण्याची खूण म्हणजे मागच्या बाजूला लाल रंगात उमटवलेले छोटे इंग्रजी ‘एच’ अक्षर. पुढच्या काळातील कार्डांवर ‘एन. ई. व्ही. कंपनी’ अशी खूण मिळते. संग्राहकांच्या दृष्टीने ही खूण महत्त्वाची आहे, कारण लेस आणि कात्रणे आयात केलेली असल्याने तीच फुले, तेच पक्षी इतरांच्या कार्डांवरही दिसतात. साहित्य सारखे, मांडणीची नक्कल सोपी, मग कार्ड कोणाचे हे सांगणार ते मागचे एक अक्षर. मात्र त्या एका अक्षरामागे कात्री आणि गोंद घेऊन बसलेल्या कितीतरी स्त्रिया होत्या. त्यांची नावे कार्डावर नव्हती आणि इतिहासातही फारशी उरली नाहीत.

व्यवसाय का सोडला?

१८६६ मध्ये एस्थर यांच्या गुडघ्याला दुखापत झाली. त्यानंतर काही वर्षे त्यांनी चाकाच्या खुर्चीत बसून कामकाज पाहिले. तरी व्यवसाय वाढत राहिला. व्हॅलेंटाइनबरोबर नाताळ, नववर्ष आणि वाढदिवसाची कार्डेही तयार होऊ लागली. १८७० च्या दशकात ‘न्यू इंग्लंड व्हॅलेंटाइन कंपनी’ हे नाव आले आणि काम घरातून मुख्य रस्त्यावरील कारखान्याच्या जागेत गेले.

१८८०-८१ च्या सुमारास एस्थर यांनी हा व्यवसाय वूस्टरमधीलच जॉर्ज व्हिटनी यांना विकला. कारण व्यावसायिक नव्हते. वडील आजारी होते आणि त्यांची देखभाल करायची होती. ज्या वडिलांनी पहिले साहित्य मागवून दिले, त्यांच्यासाठी त्यांनी तीन दशकांचे काम थांबवले. घरातील आजारपणात कमावत्या मुलीनेच काम सोडायचे, हा त्या काळातील शिरस्ताही होता. घरात अडकलेल्या स्त्रियांपर्यंत खोक्यातून काम पोहोचवणाऱ्या एस्थर यांच्यावर शेवटी तीच वेळ आली.

पुढची वर्षे त्यांनी व्यवसायापासून दूर काढली. मार्च १९०४ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील क्विन्सी येथे, वयाच्या ७५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यानंतर हातकामाचे काय झाले?

व्हिटनी यांची कंपनी वाढत गेली. त्यांच्या सुरुवातीच्या कार्डांवर लाल ‘डब्ल्यू’ असे. परदेशी साहित्यावरचे अवलंबित्व कमी करत त्यांनी उठावाची नक्षी आणि लेस स्वतःच बनवण्यावर भर दिला. दुसऱ्या महायुद्धातील कागदटंचाईत, १९४२ मध्ये ही कंपनी बंद पडली.

दरम्यान तंत्रही बदलले होते. बॉस्टनमधील लुई प्रँग यांनी १८७० च्या दशकात रंगीत शिळाछापाची नाताळ कार्डे अमेरिकी बाजारात आणली. त्यातही थर होते, पण रंगाचे. प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा वापरून एकाच कागदावर एकावर एक छपाई होई. थर देण्याचे काम हातांकडून छापखान्याकडे गेले. कार्ड सपाट, स्वस्त आणि झटपट झाले. लेसची कार्डे चैनीची वस्तू ठरू लागली.

अमेरिकेतील शुभेच्छापत्र व्यावसायिकांच्या संघटनेने २००१ मध्ये एस्थर हाउलँड यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला. वूस्टरमधील अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी या संस्थेने त्या काळातील व्हॅलेंटाइन कार्डे जतन केली आहेत. पावणेदोनशे वर्षांत त्यांच्यावरचा गोंद पिवळा पडला, रिबिनींचा रंग उडाला. काही कार्डांमधील पंख्यासारखी दुमडलेली ती छोटी पट्टी मात्र अजूनही वरचा थर उचलून धरते. ती दुमडणारीचे नाव कोणत्याही कार्डावर सापडत नाही.